कापलेला अर्धा तारा

मी छत्र्यांच्या कारखान्यात मालतपासनीस आहे. दिवसाला चारशे छत्र्या उघडतो, चारशे मिटतो आणि प्रत्येकीबद्दल 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असं मत देतो. मी नापास केलेली छत्री खुद्द मालकांनासुद्धा विकता येत नाही, मुकाट्याने घरी न्यावी लागते. कारखान्यात माझ्या मताला अशी किंमत आहे. पण ज्या विषयात माझी मतं खरोखर ऐकण्यासारखी आहेत, तो विषय म्हणजे कॉम्प्युटर गेम, आणि त्यातलं माझं एकही मत गेल्या चाळीस वर्षांत कोणी विचारलेलं नव्हतं.

आता हेच बघा. बस चालवण्याचा एक गेम आहे. त्यात शत्रू नाही, बंदूक नाही, खजिना नाही. ठरल्या वेळी थांब्यावर बस लावायची, एवढंच. ब्रेक जोरात दाबला की मागच्या सीटवरच्या आजी नाराज होतात आणि तुमचा एक गुण जातो. मी त्या आजींना सात महिने खूश ठेवलं आहे. तेव्हापासून खऱ्या बसमध्ये बसलो तरी मी मनातल्या मनात ड्रायव्हरला गुण देत असतो. आमच्या अकरा नंबरच्या ड्रायव्हरला शंभरपैकी ब्याण्णव. उरलेले आठ तो पुलाजवळच्या वळणावर रोज घालवतो. जो गेम माणसाला ब्रेकबद्दल विचार करायला लावतो, तो थोरच म्हटला पाहिजे.

किंवा तो तलवारीचा. त्यातल्या पहिल्याच फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला चौऱ्याहत्तर वेळा ठार मारलं. पण प्रत्येक वेळी मारण्याआधी तो कमरेतून वाकून नमस्कार करायचा. इतकी सभ्य वागणूक मला आमच्या विक्री विभागाकडून कधी मिळालेली नाही. पंच्याहत्तराव्या खेपेला तो माझ्या हातून मेला, तेव्हा मला अपराध्यासारखं झालं. भुतांचा गेम मी दिवसाढवळ्या, आवाज बंद करून, बायकोला शेजारी बसवून खेळलो. गेमला पाच तारे, मला दोन. बायको शेंगा सोलत होती. "अहो, ते डावीकडे आहे," एवढंच ती शांतपणे म्हणाली.

या माझ्या बायकोचं नाव फुमिए. बाई गुणी आहे, पण मी एखाद्या गेमबद्दल तळमळून बोलायला लागलो की ती "हो का?" म्हणते. हे "हो का?" एकतीस वर्षांत एका सुराने वर-खाली झालेलं नाही. शेजारच्या मांजराला पिल्लं झाली तेव्हा तिचं "हो का?" कितीतरी वरच्या पट्टीत होतं. माझं म्हणणं एवढंच होतं की मरायच्या आधी निदान एका माणसाने माझं मत वाचावं, आणि त्यावरून उठून काहीतरी करावं.

ती संधी यंदा एप्रिलमध्ये चालून आली. आमच्या गल्लीत अठरा घरं, आणि गल्लीप्रमुखाचं काम पाळीपाळीने येतं. यंदा पाळी माझी. प्रमुखाचं मुख्य काम म्हणजे फिरती फाइल. नगरपालिकेच्या सूचना, शाळेचं वेळापत्रक, हरवलेल्या पोपटाचं चित्र, सगळं त्या फाइलीत लावायचं आणि पहिल्या घरी द्यायचं. त्यांनी वाचून आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि दुसऱ्या घरी द्यायचं, असं करत अठरा शिक्के घेऊन फाइल चार दिवसांत परत येते. शेवटी एक पान 'गल्लीला उपयोगी माहिती' म्हणून प्रमुखासाठी सोडलेलं असतं. गेल्या वर्षीच्या प्रमुख, आमच्या शेजारच्या नुकुईबाई, यांनी त्या पानावर वर्षभर चहाचे डाग कसे काढावेत हे लिहिलं. बारा महिने, बारा डाग.

मी ठरवलं, डाग पुरे झाले. मेच्या फाइलीत मी माझ्या सर्वांत आवडत्या गेमबद्दल मत लिहिलं.

या गेममध्ये तुम्ही एका छोट्या बेटावरचे टपालवाले असता. सकाळी पिशवीत पत्रं येतात. टेकडीवरच्या विधवेला, दीपगृहाच्या राखणदाराला, बंदरावरच्या खानावळवाल्याला ती नेऊन द्यायची. वाऱ्यात गवत हलतं, समुद्राचा रंग तासातासाला बदलतो, आणि पत्र हातात पडल्यावर त्या विधवेच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं ते बघून मी एकदा रडलो होतो. फुमिएने तेव्हा मला ताप आहे का ते हात लावून पाहिलं होतं. हे सगळं मी दीड पान लिहिलं, चारदा खोडलं, पाचव्यांदा सुवाच्य अक्षरात उतरवलं, आणि खाली निकाल दिला: 'साडेचार तारे. अर्धा तारा कापण्याचं कारण, गेम फार लवकर संपतो. मी दोन दुपारींत संपवला.' तपासनीसाने काहीतरी कापावंच लागतं, नाहीतर लोकांना वाटतं याने छत्री उघडलीच नाही.

"वाच ना," मी फुमिएला म्हटलं.

तिने पान हातात घेऊन पाहिलं. "बरंच मोठं आहे की," ती म्हणाली आणि भात बघायला गेली.

इथवर सगळं ठीक होतं. पण माणसाला उत्साह नडतो. मला वाटलं, नुसतं मत वाचून लोकांना काय कळणार? म्हणून मी माझं हातात धरून खेळायचं गेमयंत्र कापडात बांधलं, आत तो गेम घातला, आणि फाइलीला चिठ्ठी लावली: 'जिज्ञासूंसाठी सोबत जोडले आहे.' नुकुईबाई कुंपणावरून बघत होत्या. "चार्जर ठेवलात का? आणि काच पुसायला फडकं? लोकांचे हात तेलकट असतात हो, कुवाबारासान." कुवाबारा म्हणजे मी, आणि 'सान' म्हणजे आमच्याकडचं 'राव'. मी दोन्ही ठेवलं. हा सल्ला देताना त्यांनी मला त्याच वेळी थांबवलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं. पण शेजाऱ्यांचा सल्ला नेहमी फडक्यापुरताच असतो.

फाइलीच्या पहिल्या पानावर शिक्क्यांचे अठरा चौकोन असतात आणि वर छापलेलं असतं: 'मजकूर व सोबत जोडलेले सर्व पाहिले आणि समजले.' हे वाक्य आशिझावासानांचं. चौदाव्या घरात राहणारे हे गृहस्थ एकोणऐंशी वर्षांचे. अडतीस वर्षं टपाल खात्यात होते, आणि गल्लीचे सगळे नियम त्यांनीच तयार केलेले आहेत. आमच्या गल्लीत माणूस एक वेळ उपाशी राहील, पण न समजलेल्या गोष्टीवर शिक्का मारणार नाही. एरवी फाइलीत पोपट असतो, तो लगेच समजतो. या वेळी गेम होता.

"मी अजून शिक्का मारलेला नाही," तिसऱ्या दिवशी नुकुईबाई मला कचऱ्याच्या पिशव्यांवर टाकायच्या जाळीपाशी म्हणाल्या. "ती टेकडीवरची बाई पत्र वाचून आत जाते आणि दारच लावून घेते. का लावते ते मला समजलेलं नाही. समजल्याशिवाय शिक्का कसा मारू?"

मला काय वाटलं म्हणून सांगू! चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला गेमबद्दल प्रश्न विचारला होता. मी वीस मिनिटं उत्तर दिलं. नवव्या घरातले दातांचे डॉक्टर मिनोवा यांनी फाइल पाच दिवस ठेवली. त्यांच्या दवाखान्यात माझ्या मेहुण्याला तोंड उघडं ठेवून सात मिनिटं थांबावं लागलं, कारण डॉक्टरांच्या होडीला वादळ लागलं होतं. मी रोज संध्याकाळी गल्लीतून एक चक्कर मारू लागलो. फुमिए म्हणाली, "निवडणुकीला उभं राहिल्यासारखे काय फिरताय?"

या आनंदात मी एक गोष्ट साफ विसरलो. त्याच फाइलीत, माझ्या दीड पानाखाली, नगरपालिकेची एक सूचना होती. एक जूनपासून आमच्या गल्लीचा जळाऊ, म्हणजे स्वयंपाकघराचा, कचरा मंगळवार-शुक्रवारऐवजी सोमवार-गुरुवार उचलला जाणार होता.

जून उजाडला तेव्हा फाइल चौदाव्या घरात, शिक्क्याविना पडून होती. पहिल्या तेरा घरांनी सोमवारी कचरा ठेवला. उरलेल्या पाच घरांनी, पन्नास वर्षांच्या शिस्तीने, मंगळवारी. गाडी आलीच नाही, कावळे आले. तुम्ही कधी आमचे कावळे पाहिले आहेत का? जाळी उचलायला दोघं आणि पिशवी ओढायला तिसरा, अशी त्यांची वाटणी असते. माशांची डोकी दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोचली होती. शुक्रवारी पुन्हा तेच झालं, आणि या वेळी नगरपालिकेचे ताकिमोतो नावाचे तरुण साहेब हातमोजे घालून हजर होते. त्यांनी पिशव्यांवर लाल चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मला कमरेतून वाकून नमस्कार केला. तलवारवाल्या पहारेकऱ्याची आठवण येऊन मी एक पाऊल मागे सरकलो.

"ही दुसरी वेळ आहे," ते अत्यंत नम्रपणे म्हणाले. "तिसऱ्या वेळी ही जागा बंद करावी लागते. मग आपल्या गल्लीने कचरा हमरस्त्यापलीकडच्या जागेत न्यावा."

हमरस्त्यापलीकडे म्हणजे पादचारी पुलावरून. सत्तावन्न पायऱ्या वर, सत्तावन्न खाली. आमच्या गल्लीतली अकरा माणसं पंचाहत्तरीच्या पुढची आहेत. माझ्या एका मतापायी म्हाताऱ्यांनी ओल्या कचऱ्याच्या पिशव्या घेऊन पूल चढायचा! आणि पुढचा मंगळवार चार दिवसांवर होता.

मी त्याच संध्याकाळी शेवटच्या घरांकडे धावलो. "सोमवारी ठेवा हो, सोमवारी!" पंधराव्या घरातल्या ओगुशीबाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "फाइल आलेली नाही ना, कुवाबारासान. नियम सात." नियम सात असा की तोंडी निरोप धरायचा नाही. एका वर्षी तोंडी निरोपातून निम्मी गल्ली क्रीडादिनाला गेली आणि निम्मी तिथेच, आगीची कवायत समजून, पाण्याच्या बादल्या घेऊन पोचली. शर्यतीतली पोरं भिजली. तेव्हापासून आमच्याकडे शिक्क्याशिवाय काही घडत नाही.

म्हणजे फाइल आशिझावासानांकडून सोडवणं आलं. फुमिएने लाल चवळीच्या गोड सारणाच्या मिठाईचा डबा आणला. त्यावर नुकुईबाई कुंपणावरून म्हणाल्या, "बारा तुकड्यांचा नको, चोवीसचा न्या. बाराचा म्हणजे नुसतं 'चुकलं'. चोवीसचा म्हणजे 'फार चुकलं'." फुमिए म्हणाली, "आधी हे ठरवा, माफी गेमबद्दल मागायची की कावळ्यांबद्दल? दोन्हीची एका डब्यात होत नाही." शनिवारी मी गेलो तर दार उघडलं नाही. रविवारीही नाही. आतून लाटांचा आवाज येत होता, म्हणजे गृहस्थ घरातच होते. सोमवारी मी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि दुपारी तीन वाजता मागच्या दाराने हाक मारली.

आशिझावासान बसायच्या खोलीत ताठ बसले होते. अंगात जुना टपाल खात्याचा कोट, समोर माझं गेमयंत्र, शेजारी एक वही. मी डबा पुढे करून चटईला कपाळ लावलं.

"उठा," ते म्हणाले. "तुम्ही फाइलीत खोटं लिहिलंत."

"मी?"

"दोन दुपारींत संपतो म्हणालात. मी अकरा दिवस खेळतोय. बेटावर दोनशे बारा दिवस नोकरी झाली. एक पत्र चुकलं नाही, एक उशिरा गेलं नाही. हा गेम संपत नाही."

त्यांनी वही पुढे केली. दोनशे बारा दिवसांची नोंद: कोणाला किती पत्रं, किती वाजता, हवामान कसं. मला उलगडा झाला. त्या गेममध्ये एका कोपऱ्यात 'आज रजा' असं बटण आहे. ते दाबून होडी घेऊन निघालं की गोष्ट पुढे सरकते आणि शेवट होतो. मी ते बेटावरच्या तिसऱ्याच दिवशी दाबलं होतं. नुकुईबाईंनी चौथ्या दिवशी, डॉक्टरांनी पहिल्याच.

"आशिझावासान, तुम्ही ते रजेचं बटण—"

"पाहिलं. माझ्यासाठी नसेल असं समजलो." त्यांनी वही परत घेऊन मिटली. "आणि आता तर अडचण आहे. दोनशेव्या दिवशी सगळं बेट धक्क्यावर येऊन उभं राहिलं. विधवाबाई, राखणदार, सगळे. आणि पिशवीत एक पत्र निघालं. वर लिहिलेलं, 'टपालवाल्यास'."

मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. तो गेम मी सहा वेळा खेळलो होतो. त्याच्याबद्दल दीड पान लिहिलं होतं. लोकांनी धक्क्यावर येणं, टपालवाल्याला पत्र येणं, यातलं काही मला ठाऊकच नव्हतं. मी सहाही वेळा तिसऱ्याच दिवशी पळालो होतो.

"मग काय आहे पत्रात?"

"ड्युटीवर खाजगी पत्र उघडत नाहीत," ते म्हणाले. "बारा दिवस तसंच फिरवतोय."

"पण मग तुम्ही रजा घेतल्याशिवाय ते वाचणार कसं?"

त्यांनी वहीची कड चटईच्या कडेला समांतर केली. मी विचारलं, "नोकरीत तुम्ही रजा कधी घेतलीतच नाही?"

"तीन दिवस. सलग. बायको गेली तेव्हा." त्यांनी कोटाचं बटण नीट केलं. "ती म्हणायची, एक दिवस घरी राहा, समुद्रावर जाऊ. दहा मिनिटांवर समुद्र आहे."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते, उद्याच्या कावळ्यांना फार वेळ उरला नव्हता, पण ते सांगायचीही लाज वाटली. मी नुसतं यंत्र उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला. अंगठा त्या बटणावर नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. मग दाबलं. पडद्यावरच्या टपालवाल्याने पिशवी खुंटीला अडकवली, आणि होडी संथपणे धक्क्यापासून सुटली.

पत्र उघडताच आशिझावासानांनी यंत्र स्वतःकडे वळवून घेतलं. मी मान वाकडी केली.

"दुसऱ्याचं पत्र वाचणं गुन्हा आहे, कुवाबारा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

बराच वेळ फक्त लाटा ऐकू येत होत्या. शेवटी त्यांनी यंत्र कापडात बांधलं, गाठ दोनदा तपासली, शिक्का काढला आणि चौदाव्या चौकोनात सरळ मारला. डोळे ओले होते, पण शिक्का तिळभरही तिरका नव्हता.

चार वाजले होते. अजून चार घरं बाकी होती, आणि त्या चार घरांना माझा गेम समजायला आणखी पंधरवडा लागला असता. मी फाइल उघडली. माझं दीड पान, पाच वेळा उतरवलेलं, सुवाच्य. आयुष्यातलं माझं एकमेव छापण्याजोगं लेखन. मी ते पान धरलं आणि टरकन फाडलं. चिठ्ठीही काढली. यंत्र खिशात घातलं. आता फाइलीत फक्त कचरा राहिला, तो समजायला कोणालाच वेळ लागत नाही. आशिझावासान चपला अडकवून माझ्यापुढे धावत सुटले. चार शिक्के अठरा मिनिटांत झाले. मंगळवारी सकाळी ताकिमोतोसाहेब आले तेव्हा जागा लख्ख होती. तारेवर सात कावळे नुसतेच बसले होते. साहेबांनी लाल चिठ्ठ्या खिशात ठेवल्या आणि मला पुन्हा वाकून नमस्कार केला. या वेळी मी त्यांना मनातल्या मनात शंभर गुण दिले.

रविवारी गल्लीची सभा झाली. विषय एकच: 'गल्लीप्रमुखांचे पान'. मी मान खाली घालून बसलो होतो. पान बंद होणार हे मी धरूनच चाललो होतो, आणि ते रास्तही होतं. सगळ्यात आधी ओगुशीबाई उठल्या.

"माझ्याकडे फाइल आली तेव्हा आत एका फाडलेल्या पानाची कड होती," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी न वाचलेल्या पानावर शिक्का मारला. मला आठवडाभर झोप नाही. काय होतं त्यात?"

सोळा, सतरा आणि अठरा नंबरनीही माना डोलावल्या. मग आशिझावासान उठले. "या गृहस्थांनी गेम पुरता न खेळता मत दिलं," ते म्हणाले आणि मी आणखी खाली झालो. "ते लवकर संपतो म्हणतात. जो लवकर पळतो त्याचा लवकर संपतो. बाकी त्यांनी लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. मी असं काही पूर्वी पाहिलेलं नव्हतं." मग घसा साफ करून ते म्हणाले, "पान चालू राहावं. वेगळ्या कागदावर, शिक्क्याविना. आणि सोबत काही जोडू नये."

जूनच्या पानावर मी एकच मजकूर दिला: 'दुरुस्ती. मागील अंकात कापलेला अर्धा तारा परत करण्यात येत आहे. चूक गेमची नसून खेळणाऱ्याची होती.' आणि त्याच दिवशी मी बेटावर पुन्हा कामावर रुजू झालो. रजा नाही, खाडा नाही. चाळीस वर्षं गेम खेळून मी पहिल्यांदाच एक गेम खेळलो. सप्टेंबरात दोनशेवा दिवस उजाडला. सगळं बेट धक्क्यावर उभं होतं. पिशवीत एकच पत्र होतं. मी रजा घेतली, होडी काढली, पत्र उघडलं, वाचलं, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो.

"काय हो?" फुमिएने विचारलं. "काय आहे त्यात?"

मी यंत्र उराशी धरलं. "दुसऱ्याचं पत्र वाचणं गुन्हा आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा "हो का?" आलं नाही.

त्याला आता पंधरा दिवस झाले. काल संध्याकाळी कारखान्यातून आलो तर स्वयंपाकघरात दिवा नव्हता, भात नव्हता, चहाही नव्हता. फुमिए बाहेरच्या खोलीत चष्मा नाकावर घेऊन बसली होती आणि लाटांचा आवाज येत होता.

"चहा तेवढा तुमचा तुम्ही करून घ्या," ती मान वर न करता म्हणाली. "माझी दीपगृहाची पत्रं राहिली आहेत."